"ब्लूटूथसाठी पहिलं बटण दाबा" असं सांगितलं तर सावध व्हा

गाडी मर्सिडीज डब्ल्यू १२३. डॅशबोर्डवर कंपनीने बसवलेला बेकर युरोपा रेडिओ: दोन बाजूंना नॉब, मधे काट्याची पट्टी, खाली ढकलायची पाच बटणं. "मूळ रेडिओच्या आत ब्लूटूथ बसवून देतो, बाहेरून काही दिसणार नाही" असं सांगून मालकांकडून १८,००० रुपये घेतले गेले. गाडी हातात देताना शेवटची सूचना मिळाली, "ब्लूटूथ ऐकायचं असेल तेव्हा पहिलं बटण दाबायचं." गाणी वाजली, समाधान झालं. पुढे ऊन चढलं की आवाज फाटायला लागला आणि दोन आठवडे उभ्या राहिलेल्या गाडीची बॅटरी उतरली.

रेडिओ बाहेर काढल्यावर सगळा उलगडा झाला. त्याच्या झाकणाच्या स्क्रूंवरचा कारखान्यातला रंगाचा ठिपकासुद्धा मोडलेला नव्हता. म्हणजे रेडिओ कोणी उघडलाच नव्हता. मागे काळ्या टेपात गुंडाळलेला, लायटर सॉकेटमध्ये खोचायचा साधा एफएम ट्रान्समीटर होता, म्हणजे फोनचं गाणं छोट्या एफएम स्टेशनसारखं रेडिओला ऐकवणारी वस्तू. त्याचं प्लास्टिक काढून वायरी अँटेनाच्या केबलला डाग देऊन (सोल्डर करून) जोडल्या होत्या आणि वीज घड्याळाच्या कायम चालू असणाऱ्या वायरवरून घेतली होती. चार-पाचशे रुपयांची वस्तू. पहिलं बटण ट्रान्समीटरच्या जागेवर, ८८ मेगाहर्ट्झच्या आसपास लावून ठेवलं होतं, इतकंच.

ट्रान्समीटर वापरण्यात लबाडी नाही. रेडिओला हात लावायचा नसेल तर तो एक मार्ग आहेच, फक्त त्याचे पैसे त्याच्याच भावाने घ्यायचे असतात. "आतून जोडणी" म्हणून तो विकणं ही फसवणूक. बॅटरीचं गणित सोपं आहे. असा ट्रान्समीटर साधारण ८० मिलिअँपिअर खातो. २४ तासांत जवळपास २ अँपिअर-तास, पंधरा दिवसांत २९. ६० अँपिअर-तासांच्या बॅटरीचा निम्मा साठा तिथेच संपतो आणि जुनं डिझेल इंजिन त्यावर उठत नाही. आवाज फाटण्याचं कारणही स्पष्ट आहे: या रेडिओचं ट्यूनिंग यांत्रिक आहे. डॅशबोर्ड तापला की ट्यूनिंग किंचित सरकतं, ट्रान्समीटर मात्र जागचा हलत नाही.

पैसे देण्यापूर्वी, गॅरेजमध्येच, अर्ध्या मिनिटात ही लबाडी पकडता येते. फोनवर गाणं चालू ठेवा आणि ट्यूनिंगचा नॉब फिरवा. जोडणी खरोखर आतून असेल तर काटा कुठेही न्या, गाण्यावर परिणाम होत नाही. काटा हलताच खरखर आली तर आत एफएम ट्रान्समीटर आहे. मग अँटेनाचा प्लग उपसून पाहा. गाणं बंद पडलं तर शंकाच उरत नाही. आणि हो, ज्या जुन्या रेडिओत फक्त मीडियम वेव्ह आहे, त्यावर एफएम ट्रान्समीटर चालूच शकत नाही. तशा रेडिओसाठी कोणी तो सुचवत असेल तर त्याला रेडिओतलं काही कळत नाही, असं समजावं.

खरं काम कसं होतं ते माहीत असेल तर प्रश्न विचारता येतात. रेडिओत दोन टप्पे असतात: स्टेशन पकडणारा भाग (ट्यूनर) आणि आवाज वाढवणारा भाग (अँप्लिफायर). या दोघांच्या मधे व्हॉल्यूम कंट्रोल असतो. त्याच्या एका चॅनेलचे तीन पाय पाहा. एक अर्थला (वीज परत जाण्याच्या सामाईक जोडणीला, गाडीत ती बॉडी असते), मधला अँप्लिफायरकडे, तिसऱ्यावर ट्यूनरचा सिग्नल येतो. बाहेरचा आवाज या तिसऱ्या पायावर द्यायचा. काही कंट्रोलांना चौथा पाय असतो, तो लाउडनेसचा, म्हणजे हळू आवाजात खालचे सूर उचलण्यासाठीचा. घाईत तिथे जोडलं की आवाज घुमतो आणि "जुना रेडिओ आहे, असाच वाजणार" असं ऐकवलं जातं. ते खरं नाही.

तिसऱ्या पायाकडे येणारी वाट तोडून त्यात आतून स्विच असलेला ३.५ मिमीचा जॅक घालतात. प्लग खोचला की ट्यूनर सुटतो, काढला की रेडिओ पूर्ववत. ब्लूटूथ मोड्यूल (फोनचं गाणं पकडणारं छोटं सर्किट) असेल तर हेच काम छोटा रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच करतो. आधी मल्टिमीटरने त्या पायावर डीसी व्होल्टेज आहे का ते मोजायचं, आणि शून्य दिसलं तरी मालिकेत १ मायक्रोफॅरडचा, ध्रुव नसलेला फिल्म कपॅसिटर घालायचाच. तो नसेल तर आतलं डीसी व्होल्टेज फोनच्या दिशेने जाऊ शकतं आणि व्हॉल्यूम फिरवताना कर्रकर्र आवाज येतो. मोड्यूलचा सिग्नल रेडिओच्या मानाने फार मोठा असतो, म्हणून प्रत्येक चॅनेलला १० किलोओहम मालिकेत आणि २.२ किलोओहम अर्थला, असे दोन रेझिस्टर लावून तो साधारण पाचपट कमी करतात. रेडिओ मोनो असेल तर डावा आणि उजवा चॅनेल थेट एकत्र पिळायचे नाहीत. दोघांत ४.७ किलोओहमचा एकेक रेझिस्टर घालून मग जोडायचे. वायर शिल्डची (जाळीचं वेष्टन असलेली), आणि शिल्ड एकाच टोकाला अर्थ केलेली.

सगळ्यात जास्त काम बिघडतं ते विजेच्या जोडणीत. स्वस्त ब्लूटूथ मोड्यूल आणि रेडिओ यांची वीज एकाच अर्थवरून फिरली की मोड्यूलमधली डिजिटल टिकटिक आणि गुणगुण स्पीकरमधून येते, इंजिनाचे फेरे वाढले की अल्टरनेटरची शिट्टीही. उपाय म्हणजे मोड्यूलला वेगळी, आयसोलेटेड (गाडीच्या विजेशी थेट न जोडलेली) वीज देणं. इथे एक चूक चांगले कारागीरही करतात: १२ व्होल्टवरून ५ करणारा छोटा आयसोलेटेड कन्व्हर्टर थेट गाडीच्या विजेवर लावतात. हे कन्व्हर्टर बहुतेक वेळा रेग्युलेटेड नसतात, म्हणजे आत व्होल्टेज वाढलं की बाहेरही वाढतं. गाडी चालू असताना १४.४ व्होल्ट येतात आणि पलीकडे ५ ऐवजी ६ निघतात. म्हणून आधी व्होल्टेज ५ वर स्थिर ठेवणारा ७८०५ रेग्युलेटर, त्यानंतर बी०५०५एस हा ५ ते ५ व्होल्टचा कन्व्हर्टर, मग मोड्यूल. आणि वीज रेडिओच्या स्विचनंतरची घ्यायची, म्हणजे रेडिओ बंद तर मोड्यूलही बंद. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला हे सगळे सुटे भाग मिळून हजार रुपयांच्या आत येतात. उरलेली रक्कम मजुरीची. नीट काम करणाऱ्याने ती घ्यावी, मालकाने ती आनंदाने द्यावी. पण मग काम तरी ते झालेलं हवं.

ट्रान्समीटर निदान काढून टाकता येतो. याहून वाईट प्रकार म्हणजे रेडिओचं पोट रिकामं करणं. कुरिअरने रेडिओ मागवतात, मूळ सर्किट आणि ट्यूनर काढून टाकतात, आत बाजारातलं एमपी३-ब्लूटूथचं पॅनेल आणि अँप्लिफायर गरम गोंदाने चिकटवतात. बाहेरची पट्टी, नॉब तसेच. परत आलेला रेडिओ हातात हलका लागतो. काटा फिरतो पण स्टेशन बदलत नाही, किंवा व्हॉल्यूमचा नॉब टोकाला न अडकता गोल गोल फिरत राहतो. काही व्यावसायिक अशी अदलाबदल आधी स्पष्ट सांगून, व्यवस्थित करतात. त्यांच्याविषयी तक्रार नाही. न सांगता केली तर ती चोरी आहे, कारण काढलेले मूळ भाग दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या रेडिओत जातात.

कॅसेट असलेल्या रेडिओत आणखी एक आडवाट घेतली जाते. फोनचा आवाज आणणारी ऑक्सची वायर थेट कॅसेटच्या हेडला (टेप वाचणाऱ्या भागाला) जोडतात. हेडचा सिग्नल अर्ध्या मिलिव्होल्टच्या आसपास असतो, फोनचा त्याच्या हजारपटीहून जास्त. शिवाय पुढचा प्रीअँप (हेडचा बारीक सिग्नल वाढवणारा भाग) टेपसाठी खालचे सूर मुद्दाम उचलतो. त्यामुळे आवाज जाड, गढूळ आणि फाटका येतो. जोडणी प्रीअँपच्या नंतर असायला हवी. नाहीतर पाचशे रुपयांच्या आतला कॅसेट ॲडॅप्टर यापेक्षा चांगला वाजतो.

१९६० च्या दशकातल्या आणि त्याआधीच्या गाड्यांत अर्थ कोणत्या ध्रुवाचा आहे ते आधी पाहावं. कित्येक ब्रिटिश गाड्यांची बॉडी पॉझिटिव्ह असते, आणि अनेक गाड्या ६ व्होल्टच्या. पॉझिटिव्ह बॉडीच्या गाडीत आजचं मोड्यूल सरळ लावलं तर ते जळू शकतं किंवा वायरिंग पेटू शकतं. तसंच ट्रान्झिस्टरच्या जुन्या रेडिओला स्पीकर न जोडता टेबलावर चालू करू देऊ नका. त्यात आउटपुट ट्रान्झिस्टर जाऊ शकतो आणि मग तो "आधीच खराब होता" असं सांगितलं जातं.

रेडिओ देण्यापूर्वी मागच्या लेबलवरचा अनुक्रमांक, झाकणाचे स्क्रू आणि सगळी स्टेशनं वाजतानाचा व्हिडिओ घ्या. शक्य असेल तर आतल्या सर्किटचेही फोटो, आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन. कोडचा रेडिओ (वीज तुटल्यावर कोड मागणारा) असेल तर कोड स्वतःकडे लिहून ठेवा. कामाच्या कागदावर तीन गोष्टी लिहून घ्या: सिग्नल कुठे जोडणार, पट्टीला भोक पाडणार नाही, काढलेला प्रत्येक भाग परत देणार. निम्मे पैसे चाचणीनंतर.

पैसे गेलेच असतील तर बिल, यूपीआयची नोंद आणि फोटो जपून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. माणूस फक्त ऑनलाइन भेटला आणि पैसे घेऊन गायब झाला असेल तर लगेच सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३०. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी फी लागत नाही, तक्रार मात्र २ वर्षांच्या आत करावी लागते. आणि तक्रार करेपर्यंत तो ट्रान्समीटर उपसून फेकू नका. टेपसकट, जोडलेल्या अवस्थेत त्याचे फोटो काढा, अँटेनाच्या केबलवरचा डाग आणि न उघडलेले स्क्रू एकाच चौकटीत दिसतील असे.