गाण्याचे शब्द दाखवणारी सोय: दोन वर्षं वापरल्यावर

एकटी राहायला लागले त्याला दोन वर्षं झाली, आणि पैसे भरून गाण्यांचं ॲप घेतलं त्यालाही तेवढीच. आवाज चांगला आहे, शोधलेलं गाणं बहुतेक वेळा सापडतं. पण मला लिहायचंय ते गाणं चालू असताना पडद्यावर शब्द दाखवतात त्याबद्दल.

घर सोडून निघालेल्या माणसांची गाणी मला लहानपणापासून आवडतात. कॅसेटच्या डबीतल्या कागदावर शब्द छापलेले असायचे, बारीक अक्षरात, घडीवर पुसट झालेले. ध्रुवपद आम्ही भावंडं जोरात म्हणायचो आणि कडवं आलं की नुसतं गुणगुणायचो. त्यामुळे ती सगळी गाणी धाडसाचीच वाटायची. आता चालू ओळ ठळक होते, मी ती वाचते, आणि कडव्यांत काय भरलंय ते पहिल्यांदा कळतंय. ध्रुवपदात 'मी', 'माझी वाट', सगळं आत्ताचं. कडव्यात शिरलं की क्रियापदं मागे वळतात: होतं, असायचं, म्हणायची. उंबरठा येतो, आईची हाक येते, कुणीतरी दारात उभं असतं. निघालेला माणूस मागे ठेवलेलं एकेक आठवून सांगत असतो. ज्या गाण्यात हे काहीच नाही, नुसतं 'मी मोकळा, मी मोकळा', ते माझ्याकडे चार दिवससुद्धा टिकलं नाही.

'नॉस्टॅल्जिया' हा शब्द १६८८ मध्ये योहानेस होफर या तरुण वैद्यकीय विद्यार्थ्याने घडवला, तो आजाराचं नाव म्हणून. घरी परतणं आणि वेदना असे दोन ग्रीक शब्द त्याने जोडले. पहिले काही महिने मलाही ते दुखणंच वाटत होतं. घरची आठवण येते म्हणजे वेगळं राहायचा निर्णय चुकला, असं मी धरूनच चालले होते. शब्द वाचत गाणी ऐकायला लागले आणि ती धास्ती हळूहळू गेली. इतकी गाणी, आणि त्यातलं कुणीही मागे बघतं म्हणून परत फिरत नाही.

आता तक्रारी. मैफलीत रेकॉर्ड केलेल्या गाण्यांत शब्द पुढे पळतात. प्रत्येक ओळीला ठरलेली वेळ जोडलेली असते, आणि गायिका 'दार' या शब्दावर रेंगाळली की पडदा दोन ओळी पुढे गेलेला असतो. इंटरनेट गेलं की शब्दही गेले.

दुसरी चूक मला जास्त लागली. माझ्या आवडत्या गाण्यात गायिका स्वच्छ 'निघाले' म्हणते आणि पडद्यावर 'निघालो' येतं. एका मात्रेचा फरक आहे, पण त्या मात्रेने घर सोडणारी बाईच बदलून जाते! ते गाणं मी सामान बांधत होते त्या रात्री लावलं होतं. 'चूक कळवा'वर तीनदा कळवलं, अजून दुरुस्त झालेलं नाही.

वर्गणी पुढच्या आठवड्यात संपतेय, मी पुन्हा भरणार आहे. पाचपैकी चार तारे. पाचवा 'निघाले' दिसलं की देईन.