यमन की ओडिसी कल्याण?

आपल्याकडे गाण्याच्या क्लासला गेलं की यमन राग लवकरच गळ्यात पडतो, त्यामुळे ओडिसी संगीतातला (म्हणजे ओडिशाच्या शास्त्रीय संगीतातला) कल्याण राग ऐकला की पहिल्यांदा वाटतं अरे हा तर यमनच, तोच तीव्र मध्यम (म्हणजे थोडा चढा म), बाकी सगळे स्वर शुद्ध. पण सूर सारखे असले म्हणून काय झालं, चाल वेगळीये ना. यमनचा बडा ख्याल म्हणजे निवांत काम, दोन ओळींची बंदिश आणि त्यावर अर्धा तास आलाप, शब्द कुठे गेले कोणी विचारतही नाही. ओडिसीत उलटं, तिथं कविताच मालक. ओडिया कवी बलदेव रथांच्या किशोरचंद्रानंद चंपू या गीतकाव्यात तर क पासून क्ष पर्यंत एकेका अक्षराचं एक अशी ३४ गाणी, प्रत्येकाला राग आणि ताल आधीच ठरवून दिलेला, म्हणजे गायकाला मोकळीक आहे पण शब्द सांभाळून. तिथले आंदोलित गमकही वेगळेच, सूर सरळ उभा न राहता हलके झोके घेतो. साथीला तबल्याऐवजी मर्दल, त्याचा घुमारा मला तर पखवाजाच्या जवळचा वाटतो. रात्री शांत बसून ऐकायचं तर माझं मत यमनलाच, पण शब्दांसकट गाणं हवं असेल तर कल्याण लावा, आणि यमन डोक्यातून काढून ऐका, नाहीतर नुसती तुलनाच होत राहते (माझी झालीच की).