टू-फेज कमिट, राफ्ट की गॉसिप? निवडण्याआधी प्रत्येक नोडला काय कळायला हवं ते ठरवा

अनेक मशीनवर चालणारी सिस्टिम उभारताना चर्चा बहुतेक वेळा डेटाबेसच्या नावापासून सुरू होते. माझं म्हणणं असं, की आधी एक प्रश्न सोडवावा: एखाद्या नोडने, म्हणजे सिस्टिममधल्या एका मशीनने, पाऊल उचलण्यापूर्वी त्याला बाकीच्यांबद्दल नेमकं काय माहीत असायला हवं? याचं उत्तर मिळालं की निवड बरीच सोपी होते.

जोसेफ हॅल्पर्न आणि योराम मोझेस यांनी १९८४ मध्ये या 'माहीत असण्या'च्या पायऱ्या मांडल्या. मला माहीत आहे, ही एक पायरी. प्रत्येकाला माहीत आहे, ही पुढची. प्रत्येकाला माहीत आहे हेही प्रत्येकाला माहीत आहे, ही त्याच्या पुढची. ही साखळी न संपता चालू राहिली तर ते सामाईक ज्ञान. उदाहरणार्थ, दोन टेकड्यांवरच्या दोन सेनापतींना एकाच क्षणी हल्ला करायचा आहे आणि निरोप्या वाटेत पकडला जाऊ शकतो. मग पोच, पोचेची पोच, तिचीही पोच, असं कितीही चाललं तरी शेवटचा निरोप पाठवणाऱ्याच्या मनात शंका उरतेच. मेसेज हरवू शकणाऱ्या नेटवर्कवर सामाईक ज्ञान मिळवता येत नाही, हे सिद्ध झालेलं आहे. मेसेज हरवणार नाही पण कितीही उशिरा पोचू शकेल, एवढी सूट दिली तरी तेच. म्हणून पुढच्या तिन्ही पद्धती खालच्या कुठल्या तरी पायरीवर समाधान मानतात.

टू-फेज कमिटमध्ये कोऑर्डिनेटर, म्हणजे समन्वय करणारा नोड, सगळ्यांना विचारतो, सगळ्यांचे होकार आले तरच कमिट, म्हणजे बदल पक्का. प्रत्येकाला नकाराधिकार आहे, आणि वेगवेगळ्या नोडवर वेगवेगळा डेटा असेल तेव्हा तो हवाच. दुखणं आहे ते होकार दिल्यानंतरच्या काळात. होकार दिलेल्या नोडला फक्त स्वतःचं मत माहीत असतं. निकाल ठाऊक असतो तो कोऑर्डिनेटरला. कोऑर्डिनेटर त्याच वेळी बंद पडला आणि बाकीच्या कुणालाही निकाल कळलेला नसला, तर त्यांना ना कमिट करता येतं ना माघार घेता येते. डेटावरचं लॉक धरून बसावं लागतं, म्हणजे तो डेटा इतरांना बदलता येत नाही. डेल स्कीन यांनी १९८१ मध्ये यावर थ्री-फेज कमिट सुचवलं: 'सगळ्यांनी होकार दिला' ही बातमी आधी सगळ्यांपर्यंत पोचवायची, कमिट त्यानंतर. मात्र नेटवर्कचेच दोन तुकडे झाले तर दोन्हीकडे वेगळे निर्णय होऊ शकतात. नव्या कामासाठी मी ते सुचवणार नाही.

राफ्ट (ओंगारो आणि ऑस्टरहाउट, २०१४) सगळ्यांची वाटच पाहत नाही. नोड आपल्यातूनच एक लीडर निवडतात. लॉगमधली, म्हणजे बदलांच्या क्रमवार यादीतली, नोंद बहुमताकडे पोचली की लीडर ती पक्की मानतो. पाच नोडपैकी दोन बंद पडले तरी काम चालतं. कोणतीही दोन बहुमतं घेतली तरी निदान एक नोड दोन्हींत असतोच. त्यामुळे लीडर गेला तरी पक्क्या झालेल्या नोंदींची माहिती त्याच्याबरोबर जात नाही. १९८५ मध्ये फिशर, लिंच आणि पॅटरसन यांनी दाखवलं, की मेसेजला वेळेची मर्यादा नसेल आणि एक नोडही पडू शकत असेल, तर प्रत्येक वेळी निर्णयापर्यंत पोचेलच असा ठरीव (नशिबाचा भाग नसलेला) अल्गोरिदम असू शकत नाही. राफ्ट चुकीचा निर्णय कधीच घेत नाही. लीडरची निवडणूक अडकू नये म्हणून मात्र तो यादृच्छिक टाइमआउटचा, म्हणजे वाट पाहण्याच्या अंदाधुंद ठरवलेल्या मुदतीचा, आधार घेतो.

इथे एक गोंधळ फार दिसतो: 'टू-फेज कमिट काढून राफ्ट लावू'. राफ्ट एकाच डेटाच्या प्रतींसाठी आहे, तिथे कुणाला नकाराधिकार नाही. दोन वेगळ्या डेटांवरचा व्यवहार एकत्र कमिट करायचा तर नकाराधिकार लागतोच. गूगलच्या स्पॅनर या डेटाबेसने (२०१२) दोन्ही एकत्र वापरलं: टू-फेज कमिटमधला प्रत्येक सहभागी हाच एक पॅक्सोस गट (पॅक्सोस ही राफ्टसारखीच बहुमताची पद्धत). एक मशीन पडलं म्हणून कोऑर्डिनेटर हरवत नाही. व्यवहार अनेक शार्डवर, म्हणजे डेटाच्या वेगवेगळ्या तुकड्यांवर, पसरणार असतील तर मला हीच रचना पटते.

गॉसिप (नोड एकमेकांना बातम्या पसरवत जातात ती पद्धत) आणि सीआरडीटी (वेगवेगळ्या प्रतींतले बदल नंतर आपोआप जुळवता येतील अशी डेटारचना) यांत नोड कुणालाही न विचारता काम करतो आणि बातमी मागाहून पसरते. नेटवर्क तुटलं तरी लिहिणं थांबत नाही. पण बातमी सगळ्यांना पोचली का, हे नोडला खात्रीने कधीच कळत नाही, आणि त्याचा फटका डिलीट करताना बसतो. कॅसँड्रा (एक डेटाबेस) डिलीटची खूण म्हणजे टूमस्टोन डीफॉल्टने १० दिवस ठेवते. एखादा नोड त्याहून जास्त काळ बाहेर राहून तसाच परतला, तर पुसलेला डेटा पुन्हा जिवंत होऊ शकतो. जे माहीत होऊ शकत नाही त्याच्या जागी इथे वाट पाहण्याची मुदत ठेवलेली आहे.

मग निवडायचं कसं? कॉन्फिगरेशन, लॉक, लीडर कोण हे ठरवणं, यांसाठी राफ्ट. काउंटर आणि ऑनलाइन-ऑफलाइन स्थितीसाठी गॉसिप. यात फार विचार करू नये. खरी कसोटी मधल्या कामांची. तिथे प्रत्येक क्रियेसमोर तिने पाळायचा नियम लिहा आणि बघा, दोन नोडनी एकमेकांच्या नकळत ती क्रिया केली तर नियम मोडतो का. 'शिल्लक शून्याखाली जाऊ नये' हा नियम घ्या. दोन ठिकाणी एकाच वेळी पैसे जमा झाले तर तो मोडत नाही, काढले गेले तर मोडू शकतो. म्हणजे एकाच खात्यात जमा बिनधास्त गॉसिपने करता येते, आणि पैसे काढताना मात्र आधी बहुमताचा होकार घ्यावा लागतो.