कोबो टूलबॉक्स : कोल्हापुरातल्या नव्या संस्थांनी घ्यावं का?

राजेंद्रनगर, सदर बाजार, विचारे माळ किंवा यादवनगरात अभ्यासिका चालवायची, दाखले काढून द्यायचे, शिष्यवृत्तीचे अर्ज भरून द्यायचे, अशा कामाला सुरुवात करणाऱ्या तरुण कार्यकर्त्यांची पहिली अडचण बहुतेक वेळा पैशाची नसते. वस्तीत शाळा सुटलेली मुलं कोणत्या घरात आहेत आणि कुठल्या इयत्तेला अडली, याची यादीच हातात नसते. शाहू महाराजांच्या काळात, १९०१ पासून, या शहरात एकेका समाजाची बोर्डिंगं उभी राहिली, १९०२ ला संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या गेल्या, १९१७ ला प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं झालं. कोण बाहेर राहिलंय हे नीट पाहिल्याशिवाय असे निर्णय होत नसतात. आज पाच-सहा जणांच्या नव्या संस्थेला तेवढंच पाहायचं असेल तर कोबो टूलबॉक्स हे त्यासाठीचं चांगलं साधन आहे. मात्र ते घेण्याआधी त्याच्या खोडी माहीत हव्यात.

कोबो म्हणजे सर्वेक्षणाचा फॉर्म तयार करून तो मोबाइलवर भरून घेण्याची व्यवस्था. सुरुवात हार्वर्ड ह्युमॅनिटेरियन इनिशिएटिव्हमध्ये झाली, आता कोबो नावाची स्वतंत्र ना-नफा संस्था ते चालवते. संगणकावरच्या ब्राउझरमध्ये फॉर्म बांधायचा, अँड्रॉइड फोनवर 'कोबोकलेक्ट' अ‍ॅपमध्ये उतरवायचा, वस्तीत जाऊन भरायचा आणि नेट मिळेल तेव्हा पाठवायचा. गूगल फॉर्म्स शिकायला सोपं आहे, पण ते नेटशिवाय चालत नाही, आणि बोळाच्या आतल्या पत्र्याच्या घरात रेंज असेलच असं नाही. कोबोचा फॉर्म नेटशिवाय पूर्ण भरता येतो. एवढ्या एका कारणासाठीही ते निवडावं. आयफोनवर अ‍ॅप नाही, तिथं ब्राउझरमधला वेबफॉर्म वापरावा लागतो. गटात एखादाच आयफोन असेल तर त्या कार्यकर्त्याला सरळ अँड्रॉइड फोन द्यावा.

खातं उघडताना जागतिक आणि युरोपीय अशा दोन सर्व्हरांपैकी एक निवडायचा असतो. दोन्ही वेगवेगळे आहेत, एकावरचं खातं दुसऱ्यावर चालत नाही. सगळ्या गटाने एकच निवडावा आणि तो लिहून ठेवावा. पुढची अडचण फोनवर येते. अ‍ॅपमध्ये सर्व्हरचा जो पत्ता टाकायचा तो ब्राउझरच्या पत्त्यापेक्षा वेगळा असतो. फॉर्मच्या पानावर डेटा गोळा करण्याच्या पर्यायांत 'अँड्रॉइड अ‍ॅप्लिकेशन' निवडलं की तो दिसतो, तोच जसाच्या तसा टाकायचा. ब्राउझरमधला पत्ता टाकला तर फॉर्मची यादीच येत नाही आणि कार्यकर्ते पासवर्ड चुकलाय असं समजून तासभर घालवतात.

आता मुख्य काम, म्हणजे प्रश्न. इथं कोबो काहीही मदत करत नाही, आणि नव्या संस्थांचं सर्वेक्षण फसतं ते इथंच. 'मुलगा शाळेत जातो का?' असं विचारलं की आई 'जातो की' म्हणते, कारण नाव पटावर असतं. त्याऐवजी 'गेल्या आठवड्यात किती दिवस शाळेत गेला?' असा शून्य ते सहा आकड्यांचा प्रश्न ठेवावा. त्याला जोडून, उत्तर तीन किंवा कमी आलं तरच 'का गेला नाही?' हा प्रश्न उघडावा. यालाच स्किप लॉजिक म्हणतात आणि कोबोत ते प्रत्येक प्रश्नाच्या सेटिंगमध्ये माउसने लावता येतं. कारणांची यादी घरी बसून करू नये. आधी दहा घरांत 'का' हा प्रश्न मोकळा ठेवून लोक काय बोलतात ते लिहून घ्यावं आणि त्या शब्दांतून पर्याय तयार करावेत. कोल्हापुरात त्यात घरकामाला जाणं, धाकट्या भावंडाला सांभाळणं, गुऱ्हाळाच्या हंगामात आई-वडिलांबरोबर गावाबाहेर जाणं, दाखला न मिळणं, शाळेत मार बसणं, नापास होणं असं काहीबाही निघतं. कमावत्याच्या कामाचंही तसंच. 'खासगी नोकरी' या एका पर्यायात शिरोलीची फौंड्री, मार्केट यार्डातली हमाली, गुजरीतलं कारागिरीचं काम आणि गवंडीकाम सगळं बुडून जातं. फौंड्रीच्या पाळीवर असलेला बाप आणि रोजंदारीवर असलेला बाप यांच्या घरच्या अडचणी वेगळ्या असतात, त्यामुळं पर्याय वेगळे हवेत. 'इतर' ठेवावाच, आणि तो निवडला तर लिहायला जागा द्यावी.

वयाला मर्यादा घालावी. व्हॅलिडेशन क्रायटेरिया म्हणजे उत्तरावरच्या अटींच्या सेटिंगमध्ये मुलाचं वय शून्य ते अठरा एवढंच स्वीकारायचं ठेवलं की एकशे चौदा वर्षांचं मूल यादीत येत नाही. मोबाइल क्रमांक आकडा म्हणून न घेता मजकूर म्हणून घ्यावा आणि दहा अंकांची अट लावावी. सगळेच प्रश्न 'रिक्वायर्ड' म्हणजे सक्तीचे करू नयेत. ज्याचं उत्तर द्यायला लोक कचरतात, उदाहरणार्थ उत्पन्न किंवा कर्ज, तिथं सक्ती केली की कार्यकर्ता पुढं जाण्यासाठी मनानेच काहीतरी भरतो, आणि ते खोटं नंतर ओळखता येत नाही. 'सांगायचं नाही' हा पर्याय खऱ्या अर्थाने कामाचा आहे.

मराठीत फॉर्म करताना काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. प्रश्न देवनागरीत टाकला की त्यावरून आपोआप बनणारं 'डेटा कॉलम नेम', म्हणजे माहितीच्या तक्त्यातल्या स्तंभाचं नाव, निरर्थक येऊ शकतं. प्रश्नाच्या सेटिंगमध्ये जाऊन ते रोमन लिपीत, छोटं, जागा न सोडता हाताने टाकावं, आणि एकदा काम सुरू झालं की ते कधीच बदलू नये. बदललं तर एकाच प्रश्नाची उत्तरं दोन स्तंभांत विभागली जातात. वस्तीत कन्नड किंवा हिंदी बोलणारी घरं असतील तर दुसरी भाषा वेगळा फॉर्म न करता त्याच फॉर्ममध्ये भाषांतर म्हणून जोडता येते, त्यामुळं डेटा एकत्र राहतो. माहिती उतरवताना सीएसव्ही म्हणजे साधी मजकूर-फाइल घेऊन ती थेट एक्सेलमध्ये उघडली की मराठी अक्षरांच्या जागी चिन्हांचा कचरा दिसू शकतो. एक्सएलएस म्हणजे एक्सेलच्या फाइलच्या प्रकारात उतरवावं, त्यात मराठी नीट येतं.

एक्सएलएस घेण्याचं आणखी मोठं कारण आहे. एका घरात तीन मुलं असतील तर प्रत्येक मुलासाठी तेच प्रश्न पुन्हा विचारावे लागतात. त्यासाठी 'रिपीट ग्रुप' असतो आणि शहरातल्या शिक्षणाच्या कामासाठी तो जवळजवळ अटळ आहे. पण सीएसव्हीमध्ये रिपीट ग्रुपमधली माहिती येतच नाही. एक्सएलएसमध्ये ती दुसऱ्या शीटवर येते, आणि कुठलं मूल कुठल्या घरचं हे 'इंडेक्स' व 'पॅरेंट इंडेक्स' या दोन स्तंभांच्या जोडीवरून कळतं. एका शीटवरची माहिती दुसरीवर जुळवून आणणारं एक्सेलमधलं व्हीलुकअप येणारा एकजण गटात हवा. तो नसेल तर घरात एकाच मुलाची माहिती घ्यावी असा मोह होतो. तो टाळावा, कारण घरातली मोठी मुलगी, जिची शाळा बहुतेक वेळा सर्वांत आधी सुटते, नेमकी तीच यादीतून गळते.

प्रभाग निवडला की त्यातल्याच वस्त्या दिसाव्यात, अशी एकाखाली एक पर्यायांची यादी कोबोच्या फॉर्म बिल्डरमध्ये नुसत्या माउसने होत नाही. त्यासाठी एक्सेलमध्ये पर्यायांचा तक्ता बनवून तो बिल्डरमध्ये चिकटवावा लागतो, नाहीतर एक्सएलएसफॉर्म म्हणजे एक्सेल शीटवर लिहिलेला फॉर्म लागतो. दोन-तीन वस्त्यांचं काम असेल तर ती खटपट करू नये.

फॉर्ममध्ये बदल केला की तो पुन्हा 'डिप्लॉय' म्हणजे वापरासाठी खुला करावा लागतो आणि प्रत्येक फोनवर पुन्हा उतरवावा लागतो. हे विसरलं तर सहा जणांपैकी दोघं जुना फॉर्म भरत राहतात. म्हणून सर्वेक्षण सुरू असताना प्रश्न न बदललेलेच बरे. त्याआधी दहा-पंधरा घरांत चाचणी घ्यावी, ती माहिती पुसून टाकावी आणि मगच खरं काम सुरू करावं. वीस प्रश्नांच्या फॉर्मला एका घरात आठ-दहा मिनिटं धरावीत, दोन-तीन मुलं असतील तर पंधरा. तीन तासांच्या फेरीत एका कार्यकर्त्याकडून बारा ते पंधरा घरांपेक्षा जास्तीची अपेक्षा करू नये. फॉर्मसेटिंगमधला सुरुवातीची आणि शेवटची वेळ नोंदवणारा पर्याय आधीपासून चालू ठेवावा आणि यापेक्षा बरेच जास्त झाले तर त्या वेळा पाहाव्यात. दोन मिनिटांत भरलेला फॉर्म बहुधा घराबाहेर भरलेला असतो. फोनची तारीख-वेळ मात्र आधी तपासून घ्यावी, चुकीची असेल तर ही नोंदही चुकते.

फेरीची वेळ कामगारांच्या सवडीची हवी, म्हणजे संध्याकाळी किंवा कारखान्याच्या साप्ताहिक सुट्टीला. गल्लीतल्या तालमीच्या किंवा मंडळाच्या दोघांना आधी फॉर्म दाखवून प्रत्येक प्रश्न का विचारणार ते सांगावं. ते सोबत असले तर दारं उघडतात. शेजारच्यांसमोर मात्र उत्पन्नाचे प्रश्न विचारू नयेत.

नोंदी पाठवण्याबाबत एक धोका मोठा आहे. अर्धवट फॉर्म 'ड्राफ्ट' म्हणून राहतो आणि पूर्ण झालेला पाठवण्याच्या रांगेत थांबतो. सर्व्हरवर पोचेपर्यंत तो फक्त त्या फोनमध्येच असतो. अशा वेळी कुणी अ‍ॅप काढून टाकलं किंवा फोन रिसेट केला तर दिवसभराची मेहनत परत मिळत नाही. रोज संध्याकाळी सगळ्यांनी एका ठिकाणी बसून, वायफायवर, रांग रिकामी झालेली एकमेकांना दाखवूनच घरी जावं.

मोफत खात्याला महिन्याच्या नोंदींची आणि साठवणीची मर्यादा असते. वस्तीपातळीवर नोंदींची मर्यादा सहसा आड येत नाही, फोटो आड येतात. तीन एमबीचे तीनशे फोटो म्हणजे जवळपास एक जीबी. प्रतिमेचा आकार मर्यादित करण्याची सोय प्रश्नाच्या सेटिंगमध्ये आहे, ती वापरावी. त्याहून चांगलं म्हणजे फोटो घेऊच नयेत. जीपीएसचंही तेच. दाट गल्लीत अचूक स्थान यायला वेळ लागतो, कार्यकर्ता कंटाळतो, आणि शाळा सुटलेल्या मुलीच्या घराचा नेमका ठिकाणा नकाशावर ठेवायची खरंच गरज असते का, हे आधी ठरवावं. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालची व्यक्ती बालक मानली आहे आणि तिची माहिती वापरायला पालकांची संमती लागते. पहिला प्रश्न संमतीचा असावा, 'नाही' आलं तर फॉर्म तिथंच संपावा. आधार क्रमांक घेऊ नये. फॉर्म युजरनेमशिवाय भरू देणारा पर्याय बंद ठेवावा, आणि स्वयंसेवकांना नोंद भरण्याची परवानगी द्यावी, सगळ्या नोंदी पाहण्याची नव्हे. परवानग्या व्यक्तीगणिक देता येतात आणि हा कोबोचा भक्कम भाग आहे.

तयार आलेखांचा विभाग कामचलाऊ आहे, अहवालासाठी एक्सेलच बरं.

पावसाळ्याच्या दृष्टीने एक गोष्ट. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका समजली जाते, आणि सुतारवाड्यासारख्या नदीजवळच्या भागांतल्या घरांना लवकर हलावं लागतं. २०१९ आणि २०२१ च्या पुरांत मुलांची पुस्तकं आणि कागदपत्रं भिजली की शाळेपासून तुटण्याची नवी कारणं तयार झाली. अशा वेळी निवारा केंद्रात 'कोणती मुलं आली, कुठल्या शाळेची, काय हरवलं' एवढा सात-आठ प्रश्नांचा छोटा फॉर्म लगेच लागतो. तो मे महिन्यातच करून चाचणी घ्यावी आणि प्रत्येकाच्या फोनवर उतरवून ठेवावा, कारण रिकामा फॉर्म आधीच फोनमध्ये नसेल तर नेट गेल्यावर तो मिळत नाही.