समतेवरच्या प्रबंधाला विद्यापीठाचं अनुदान: कशाला पुरतं, कुठे अडतं

समता, समावेशन, सामाजिक न्याय अशा विषयांवर एम.ए., एम.एस.डब्ल्यू. किंवा एम.एड.चा प्रबंध करणाऱ्यांसाठी विद्यापीठाचं छोटं संशोधन अनुदान निघालं की सगळ्यांची नजर आधी रकमेवर जाते. परिपत्रकात आधी शोधायला हवा तो शब्द म्हणजे 'प्रतिपूर्ती'. खर्च आधी खिशातून करायचा, बिलं जोडायची आणि लेखा विभागाने पास केल्यावर पैसे खात्यात येणार. मेसचे पैसे भरतानाच ज्याची ओढाताण होते, त्याने फील्डवर्कसाठी 8-10 हजार रुपये कुठून उभे करायचे? अशाने समतेवरचं अनुदान घरून पाठबळ असलेल्यांकडेच जातं, आणि हा या योजनांमधला सगळ्यात मोठा दोष आहे. निदान निम्मी रक्कम आगाऊ मिळत असेल तर जरूर अर्ज करावा. मिळत नसेल तर विभागप्रमुखांमार्फत अग्रिमाची लेखी मागणी करावी. अग्रिम घेऊन नंतर बिलांनी समायोजन करायची रीत कार्यालयांत नवी नाही. ती विद्यार्थ्यांनाही लागू करा, एवढंच म्हणायचं असतं.

दुसरीकडून पैसे मिळतील या भरवशावर हे अनुदान सोडू नये. राज्य सरकारच्या संस्थांपैकी बार्टी आणि सारथी पुण्यातच आहेत, महाज्योती नागपूरला, पण त्यांच्या संशोधन अधिछात्रवृत्त्या (फेलोशिप) पीएच.डी.साठी आहेत. राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवरची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती फी आणि निर्वाहासाठी असते. यूजीसीची पदव्युत्तर राष्ट्रीय शिष्यवृत्ती मात्र भक्कम आहे: दरमहा 15,000 रुपये, वर्षाचे 10 महिने, देशभरात 10,000 जागा आणि त्यांतल्या 30 टक्के मुलींसाठी. तिचा अर्ज पहिल्या वर्षीच राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर भरावा लागतो. प्रबंधाचा विषय ठरतो दुसऱ्या वर्षी, तेव्हा ही वाट बंद झालेली असते. शिवाय तिच्यासोबत दुसरी शिष्यवृत्ती चालत नाही. म्हणून विद्यापीठाच्या मंजुरीपत्रात 'शिष्यवृत्ती' हा शब्द नको, 'संशोधन खर्चासाठी अनुदान' असंच लिहून घ्यावं.

वेळापत्रकाचं गणित फार कमी जण मांडतात. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यात पदव्युत्तर संशोधन प्रकल्प तिसऱ्या सत्रात 4 आणि चौथ्या सत्रात 6 श्रेयांकांचा (क्रेडिट) आहे. म्हणजे मुलाखतींचं शब्दांकन (ध्वनिमुद्रण ऐकून टाइप करणं), छपाई आणि बाइंडिंग हा मोठा खर्च चौथ्या सत्राच्या शेवटी, एप्रिल-मेमध्ये येतो. आर्थिक वर्ष संपतं 31 मार्चला, आणि न खर्चलेली रक्कम बहुधा लॅप्स होते. त्यामुळे मुलाखती जानेवारीअखेर उरकून शब्दांकनाचं बिल मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात लागलंच पाहिजे. मंजुरीपत्राच्या तारखेआधीचं बिल तर हमखास परत येतं, मग खर्च कितीही खरा असो.

अंदाजपत्रकात प्रवास, झेरॉक्स आणि पुस्तकं हे रकाने सगळेच भरतात. खरा खर्च शब्दांकनाला लागतो. 45 मिनिटांच्या 20 मुलाखती म्हणजे 15 तासांचं ध्वनिमुद्रण. बोलीभाषेतलं, रस्त्याच्या गोंगाटात केलेलं एक तासाचं मुद्रण नीट टाइप करायला 6 ते 8 तास जातात. म्हणजे 90 ते 120 तासांचं काम. ते स्वतः केलं तर पैसे वाचतात आणि विश्लेषणही सुधारतं, पण महिना जातो. अर्ध्या मुलाखती स्वतः आणि अर्ध्या बाहेरून, हा मार्ग छोट्या अनुदानात बसतो. कर्णबधिर सहभागी असतील तर सांकेतिक भाषेचे दुभाषे धरावेत. सत्र तासाहून लांब असेल तर दोन लागतात, कारण 20-30 मिनिटांनी अदलाबदल केली नाही तर दुभाष्याची अचूकता घसरते. हा रकाना अर्जात नसला तर 'इतर' मध्ये कोंबू नये, स्वतंत्र मागावा. 'इतर' ला सगळ्यात आधी कात्री लागते.

सहभागींच्या बुडालेल्या मजुरीचा प्रश्न सगळ्यात नाजूक. पुण्यातल्या कचरावेचक, घरकामगार किंवा मजूर अड्ड्यावर उभ्या राहणाऱ्यांशी बोलायचं तर त्यांचा तास हा कमाईचा तास असतो. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी देता येते, फक्त रक्कम आमिष वाटेल एवढी नसावी. इथे लेखा विभाग सहभागीचं नाव, सही किंवा अंगठा असलेलं व्हाउचर मागतो. आणि संमतीपत्रात तर नाव कुठेही येणार नाही असं लिहिलेलं असतं! घरमालकिणीबद्दल तक्रार सांगितलेल्या बाईचा अंगठा कार्यालयाच्या फायलीत जाणं हा सरळ विश्वासघात आहे. उपाय आहे, पण पैसे वाटायच्या आधी करायचा. व्हाउचरवर 'स-07' असा संकेतांक, रक्कम, तारीख आणि मार्गदर्शकांची सही. नावांची यादी बंद लिफाफ्यात मार्गदर्शकांकडे. आणि ही पद्धत चालेल असं लेखा विभागाकडून एका ओळीचं पत्र. ज्या विद्यापीठाला हे पटत नाही, त्याच्या अनुदानातून मानधन देऊच नये. वेळ त्यांच्या सोयीची धरून तासाऐवजी वीस मिनिटांत मुलाखत आटोपावी.

संमतीपत्र कोणत्या फॉन्टमध्ये आहे तेही बघा. टायपिंगवाल्याकडून जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये करून घेतलं तर कागदावर छान दिसतं, पण अंध सहभागीला स्क्रीन रीडरमधून (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) तिथे नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी ऐकू येते. मजकूर कॉपी करून फोनवरच्या मेसेजमध्ये पेस्ट करावा. देवनागरी तशीच राहिली तर ठीक. स्कॅन केलेली पीडीएफ तर स्क्रीन रीडरच्या लेखी नुसतं चित्र. अनुदानाच्या नावात समावेशन आहे आणि अर्जाचा नमुना मात्र स्कॅन केलेला, असं आढळलं तर ते लेखी कळवणं हेही आपलंच काम.

बिलांची शिस्त सोपी आहे. अप्पा बळवंत चौकात पुस्तकं घेताना पक्कं बिल मागावं. एस्टिमेटची चिठ्ठी चालत नाही. पीएमपीएमएलचं, म्हणजे शहर बसचं, तिकीट उष्णतेने छापलेलं असतं, दोन-तीन महिन्यांत कोरं पडतं, म्हणून त्याच दिवशी झेरॉक्स काढून मूळ तिकिटाबरोबर जोडावी. रिक्षाचं छापील बिल मिळत नाही; तारीख, कुठून कुठे, किलोमीटर आणि रक्कम असं स्वघोषणापत्र चालेल का, हे आधीच विचारावं.

निवडीत विषय नेमका असेल तरच टिकाव लागतो. 'पुण्यातील दिव्यांगांच्या समस्या' हा अर्ज पहिल्या चाळणीतच जातो. 'स्वारगेट ते हडपसर मार्गावरील बसथांबे आणि चाकाच्या खुर्चीवरील प्रवासी' हा समितीला दिसतो, कारण थांबे मोजता येतात, उतार मापता येतो आणि खर्चही पटतो. उपयोगिता प्रमाणपत्रावर (अनुदान ठरल्या कामासाठीच खर्चलं असं सांगणारा कागद) मार्गदर्शक, विभागप्रमुख आणि लेखाधिकारी अशा तीन सह्या लागणार असतील, तर मे महिन्याच्या सुट्ट्या लागायच्या आत त्या घ्याव्यात. शेवटचा हप्ता त्या कागदासाठीच अडतो.