नोइटा : काही महिने मरून झाल्यावर

पावसाळ्यातल्या सेलमध्ये घेतलेली नोइटा अजून लॅपटॉपवर आहे. तिच्यासोबत घेतलेल्या बाकीच्या गेम्स केव्हाच अनइन्स्टॉल झाल्या. रात्री जेवणं आटोपली की एक रन, म्हणजे एक डाव, फार तर दोन, असं चाललंय, आणि शेवटच्या बॉसला, म्हणजे सगळ्यात मोठ्या शत्रूला, अजून मोजक्याच वेळा हरवता आलंय. तेव्हा हे मत नेमाने मरणाऱ्या माणसाचं आहे, असं समजून वाचा.

गेम थोडक्यात अशी. तुम्ही झगा घातलेली एक चेटकीण. हातात दोन वँड, म्हणजे जादूच्या कांड्या, बाटलीत पाणी, तब्येत 100. डोंगराच्या पोटात खाली खाली उतरत जायचं: खाणी, कोळशाचे खड्डे, बर्फाळ थर, हीसी नावाच्या बंदूकधारी टोळभैरवांचा तळ, जंगल, आणि त्याच्याही खाली. मेलात की सगळं गेलं, परत खाणीच्या तोंडाशी. आतली रचना दर वेळी नवी. अशा छप्पन्न गेम्स बाजारात आहेत, हे मलाही माहीत आहे. इथे वेगळं काय, तर पडद्यावरचा जवळपास प्रत्येक पिक्सेल कशाचा तरी बनलेला आहे. माती, तेल, रक्त, धूर, दारू, ॲसिड. आणि जो पिक्सेल ज्याचा, तो तसाच वागतो. लाकूड जळतं, तेल पाण्यावर तरंगतं, लाव्ह्यावर पाणी पडलं की दगड आणि वाफ.

हे असलं काही करायचं कोणाच्या डोक्यात आलं असेल, म्हणून स्टुडिओबद्दल शोधायला गेलो आणि त्यातच दोन संध्याकाळी गेल्या. नोल्ला गेम्स हा हेलसिंकीचा स्टुडिओ म्हणजे मुळात तीन माणसं: पेट्री पुर्हो, ओल्ली हार्योला आणि आर्वी तेईकारी. तिघंही एकत्र येण्याआधीच आपापलं नाव कमावून बसलेले. पुर्होने एक खूळ घेतलं होतं, दर महिन्याला एक छोटी गेम, तीही सात दिवसांच्या आत संपवायची. त्यातलीच 2007 ची एक म्हणजे क्रेयॉन फिजिक्स. खडूने रेघ ओढायची आणि ती रेघच वजनदार वस्तू होऊन घरंगळायला लागायची. तिची मोठी आवृत्ती 2008 साली इंडिपेंडंट गेम्स फेस्टिव्हलमध्ये सर्वोच्च पारितोषिक घेऊन गेली. हार्योला हा 2013 च्या द स्वॅपरच्या जोडगोळीतला एक. त्या गेमची दृश्यं मातीच्या खऱ्या मॉडेलांचे फोटो काढून बनवलेली होती. तेईकारी म्हणजे बाबा इज यू वाला. कोड्याचे नियमच शब्दांचे ठोकळे म्हणून समोर ठेवायचे आणि खेळणाऱ्याने ते ढकलून बदलायचे, ही त्याची करामत. ती गेम 2019 च्या मार्चमध्ये आली, आणि त्याच वर्षी 24 सप्टेंबरला नोइटा अर्ली ॲक्सेसमध्ये, म्हणजे अपुरी असतानाच विक्रीला, उतरली. पूर्ण आवृत्ती 15 ऑक्टोबर 2020 ची.

या तिघांच्या आधीच्या गेम्स पाहिल्या की नोइटाचा स्वभाव कळायला लागतो. आधी एक चमत्कारिक नियम घ्यायचा आणि मग तो कुठवर नेता येतो ते पाहायचं, ही तिघांचीही खोड. इथे नियम होता पडत्या वाळूचा. पुर्होने 2019 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये तो उलगडून सांगितला होता. वाळूचा कण काय करतो? खाली जागा असेल तर खाली. नसेल तर तिरकं डावीकडे किंवा उजवीकडे. तिथेही नसेल तर बसून राहतो. पाण्याला एवढंच जास्तीचं, की खाली जमलं नाही तर आडवं सरकायचं. वायूंना हेच उलटं. झालं, बाकी सगळा पसारा यातून. अर्थात तो पसारा वेगाने चालवणं सोपं नाही. म्हणून जगाचे 64 बाय 64 पिक्सेलचे चौकोन पाडलेत आणि बुद्धिबळाच्या पटासारखे एक सोडून एक चौकोन आळीपाळीने घेतले जातात, म्हणजे प्रोसेसरचे वेगवेगळे कोअर एकमेकांच्या पायात येत नाहीत. इंजिनाचं नावही साजेसं, फॉलिंग एव्हरीथिंग.

पुर्होच्या बोलण्यातून आणखी एक गोष्ट कळते: खेळणं आधी तयार होतं, त्यातून खेळ काढायला फार वेळ लागला. जग इतकं मोकळं सोडलं की ते स्वतःच जळून, वाहून, कोसळून जातं. मग खेळणाऱ्याने करायचं काय? माझ्या मते 'मेलात की पहिल्यापासून' हा नियम त्यावरचाच उतारा आहे. जग कितीही बिघडलं तरी बिघडेना, पुढच्या रनला नवं मिळणारच आहे. त्यामुळे त्यांना सर्कशीतल्यासारख्या बचावाच्या जाळ्या कुठे लावाव्या लागल्या नाहीत.

जाळ्या नाहीत म्हणजे काय, ते परवाचंच सांगतो. कोळशाच्या खड्ड्यांत एका हीसीवर गोळी झाडली. तो वाकला नाही, सरकला नाही, पण मागचा टांगलेला कंदील फुटला. पेटतं तेल खालच्या लाकडी फळीवर. शेजारी भाचा बसला होता, ओरडला, "मामा, बाटली ओत ना डोक्यावर!" ओतली. अंगावरची आग विझली, फळीची नाही. फळी जळून तुटली, तिच्यावरचं स्फोटकांचं खोकं खालच्या जाळात पडलं, स्फोटाने बाजूची भिंत उडाली, आणि भिंतीमागे तुंबलेला हिरवा विषारी चिखल धबधब्यासारखा अंगावर. उडायची ताकद तोवर संपलेली. हीसी मात्र वरच्या कोपऱ्यात ठणठणीत. हे कोणी लिहून ठेवलेलं दृश्य नव्हतं. प्रत्येक पिक्सेलने फक्त आपापलं काम केलं. भाचा पोट धरून हसत होता आणि मीही.

हेच उलटं वापरता यायला लागलं की गेम खरी सुरू होते. तलावातल्या विषारी चिखलात पाणी ओतलं की तो निवळत जातो. समोर नको असलेला राक्षस असेल तर त्याच्या डोक्यावरच्या ॲसिडच्या टाकीचं बूड फोडायचं. पाण्यात उभं राहून विजेचा स्पेल (मंत्र) मात्र सोडू नये.

दुसरी अर्धी गेम वँडची. प्रत्येक वँडला खण असतात, त्यात स्पेल भरायचे, आणि काही वँड सोडल्या तर ते डावीकडून उजवीकडे सुटतात. साध्या गोळीऐवजी ट्रिगरवाली गोळी ठेवली, तर ती जिथे आदळेल तिथून पुढचा स्पेल फुटतो. म्हणजे गोळी आधी भिंतीपलीकडच्या फटीत घालवायची, आणि स्फोट तिथे. चेनसॉ हा स्पेल मी कित्येक आठवडे फालतू समजून विकत घेत नव्हतो. तो खणात नुसता असला तरी दोन माऱ्यांमधला विलंब खाऊन टाकतो आणि रडकी वँड मशीनगन होते. असले हिशेब गेम कधीच समजावून सांगत नाही. खेळाडूंनी लिहिलेली विकी उघडावी लागतेच, आणि ज्यांना हे आवडत नाही त्यांचा राग मला पटतो.

मला न पटलेली गोष्ट दुसरीच आहे. वँडमधले स्पेल बदलता येतात ते फक्त दोन थरांमधल्या होली माउंटनमध्ये, जिथे तब्येत भरून मिळते, दुकान असतं आणि तीनपैकी एक पर्क, म्हणजे त्या रनपुरती जादा ताकद, निवडायचा असतो. कुठेही बदल करू देणारा पर्क आहे, पण तो मिळाला तर. प्रयोग करायला लावणाऱ्या गेमने प्रयोगाची जागाच कुलूपबंद ठेवावी, हे विचित्र आहे. सुदैवाने मॉड्सना, म्हणजे खेळाडूंनी स्वतः केलेल्या फेरफारांना, मोकळीक आहे आणि हे कुलूप काढणारे मॉड स्टीम या गेम्सच्या ऑनलाइन दुकानात मिळतात. मी पहिले काही आठवडे मूळ गेम खेळलो, आता लाज न बाळगता मॉड लावतो. रूप बदलवणारं गुलाबी द्रावणही मला असंच पटत नाही. लांबवर चाललेला रन, त्याचा एक शिंतोडा, तुम्ही मेंढी, आणि मेंढी एका फटक्यात खलास. जुने खेळाडू याला चवीचा भाग म्हणतात. म्हणोत बापडे.

बॉसपाशी गेम संपत नाही, हे मला फार उशिरा कळलं. गेममधली साम्पो ही जादूची वस्तू काय किंवा हीसी काय, सगळं फिनिश लोककाव्यातून आलेलं आहे. नकाशाच्या दोन्ही टोकांना त्याच जगाच्या समांतर प्रती आहेत, आणि तिथे डोळ्यांच्या आकृत्यांत लिहिलेले संदेश आहेत, ज्यांवर जगभरातले लोक वर्षानुवर्षं डोकं फोडतायत. तेईकारीच्या 2015 च्या एन्व्हायर्नमेंटल स्टेशन अल्फामध्येही गेम संपल्यावर अशीच कोड्यांची तळघरं होती, त्यामुळे हा उद्योग कोणाचा असावा याचा माझा अंदाज पक्का आहे. मी स्वतः त्या वाटेला गेलेलो नाही. बुरशी खाऊन भ्रमिष्ट व्हायचं आणि त्या भरात जगातला एक पदार्थ दुसऱ्यात बदलायचा, एवढं मला पुरतं.

व्यवहाराचं. गेम फक्त विंडोजवर, कन्सोलवर नाही. स्टीम डेक या हातात धरायच्या यंत्रावर चालते. मूळ किंमत 20 डॉलर, भारतातली वेगळी, पण सेलमध्ये अर्ध्यावर येते तेव्हाच घ्या. नंतरची भर फुकटच आली आहे. ग्राफिक्स कार्डापेक्षा प्रोसेसर महत्त्वाचा, कारण पिक्सेलांचा सगळा हिशेब तोच करतो; माझ्या जुन्या लॅपटॉपचा पंखा मोठी पडझड झाली की शेजारच्या खोलीत ऐकू जातो. हेडफोन लावा, फ्रॉम ग्रोटोचं संगीत स्पीकरवर वाया जातं. आणि स्टीमवर पैसे परत मागायची सोय पहिल्या दोन तासांच्या खेळापुरतीच आहे. त्या दोन तासांत तुम्ही बहुधा कोळशाच्या खड्ड्यांच्या पुढे जाणार नाही, तेव्हा किती पुढे गेलात यावर ठरवू नका. मेल्यावर हसू आलं की चिडचिड झाली, ते बघा आणि चिडचिड झाली असेल तर पैसे परत घ्या.