'रीच वाढवून देतो' म्हणाला आणि पेजच घेऊन गेला

घणसोली, ऐरोली, कोपरखैरणे, वाशी या पट्ट्यात घरबसल्या ब्लॉग किंवा यूट्यूब चॅनल चालवणाऱ्या बायकांना सध्या एक ठरावीक फोन येतो. "मॅडम, तुमचा कंटेंट एक नंबर आहे, पण रीच नाहीये. सगळे सोशल मीडिया चॅनल ब्लॉगला कनेक्ट करून देतो, तीन महिन्यांत ऑडियन्स दहापट." मलाही आला. त्या माणसाने माझ्याकडून एकवीस हजारांच्या वर घेतले. पैशांचं एक वेळ सोडून दिलं असतं, पण त्याने नेलं ते फेसबुकचं पेज. त्यासाठी ना त्याने पासवर्ड चोरला, ना ओटीपी मागितला. सगळं फेसबुकच्याच मेनूमधून, रीतसर झालं. म्हणूनच हे तपशिलात लिहितेय.

माझा ब्लॉग आगरी-कोळी स्वयंपाकाचा. सोड्याची खिचडी, वालाचं बिरडं, जवळ्याची चटणी, घरच्या मसाल्यात कुठली मिरची किती घ्यायची, असलं सगळं. फेसबुक पेज ब्लॉगच्याही आधीचं. त्यावर नऊ हजारांच्या आसपास माणसं, आणि खरी माणसं. उरण, पनवेल, अलिबागकडच्या बायका कमेंटमध्ये येऊन "ताई, आमच्यात याला चिंच नाय, कोकम घालतात" म्हणून हक्काने भांडायच्या. इन्स्टाग्राम आणि यूट्यूब नंतर सुरू केलं. अडचण एवढीच, की पेजवर येणाऱ्या बाईला ब्लॉग आहे हे माहीत नव्हतं आणि यूट्यूबवर व्हिडिओ बघणारीला पेज माहीत नव्हतं. सगळं एकमेकांना जोडायला हवंच होतं. या लोकांचं बोलणं पटतं ते त्यामुळेच. ते सांगतात ती गरज खरी असते.

भेट महापे एमआयडीसीतल्या एका को-वर्किंग जागेत झाली. काचेची केबिन, लॅपटॉप, भिंतीवर आलेख. माणूस तिशीतला, मराठीच, बोलायला गोड. फोनवर 'मॅडम' म्हणणारा समोर बसल्यावर 'ताई' म्हणायला लागला. कोटेशन दिलं: अठरा हजार आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी, एकूण २१,२४० रुपये. यूपीआय करताना नाव भलत्याच कुणाचं आलं, तर म्हणे, "अकाउंटंटचं आहे ताई, आपला करंट अकाउंट प्रोसेसमध्ये आहे."

ते कोटेशन अजून माझ्याकडे आहे. त्यातल्या निम्म्या गोष्टी जगात कुणालाच करता येत नाहीत. पहिली ओळ, 'प्रत्येक नवीन लेख वैयक्तिक फेसबुक प्रोफाइल आणि ५० ग्रुप्सवर आपोआप पोस्ट होईल.' बाहेरच्या अ‍ॅपमधून वैयक्तिक प्रोफाइलवर आपोआप पोस्ट टाकणं फेसबुकने १ ऑगस्ट २०१८ पासून बंद केलंय. ग्रुपसाठीची तशी सोयही २०२४ मध्ये गेली. आता तसं आपोआप होतं ते फक्त पेजवर. दुसरी ओळ, 'यूट्यूब शॉर्ट्सच्या डिस्क्रिप्शनमधून ब्लॉगवर थेट ट्रॅफिक.' शॉर्ट्सच्या डिस्क्रिप्शनमधली आणि कमेंटमधली लिंक ३१ ऑगस्ट २०२३ पासून दाबलीच जात नाही. तिसरी, 'इन्स्टाग्राम कॅप्शनमधून क्लिक.' कॅप्शनमधली लिंक तर कधीच दाबली जात नव्हती. बायोमध्ये देता येते, २०२३ पासून पाचपर्यंत देता येतात, आणि स्टोरीत लिंकचा स्टिकर लावता येतो. बस, एवढंच. तुम्हाला असं कोटेशन आलं तर त्यातली एकेक ओळ घ्या आणि विचारा, "हे नेमकं कुठल्या बटणाने होतं, माझ्या मोबाइलवर दाखवा." समोरचा लगेच दुसऱ्या ओळीवर उडी मारतो.

काम सुरू झालं आणि आकडे खरंच उसळले. ब्लॉगवर एरवी दिवसाला दीडदोनशे माणसं यायची, ती अडीच हजारांवर गेली. गूगल अ‍ॅनालिटिक्समध्ये (साइटवर कोण कुठून आलं ते दाखवणारं गूगलचं साधन) ही सगळी गर्दी 'डायरेक्ट' या रकान्यात दिसत होती, म्हणजे कुठून आली ते कळत नाही अशी. त्याला विचारलं तर उत्तर तयार, "ताई, हे व्हॉट्सअ‍ॅपचं ट्रॅफिक. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेलं डायरेक्टमध्येच मोजतात." आणि हे खोटं नाही! व्हॉट्सअ‍ॅपमध्ये कुणी लिंक दाबली की ती बहुतेक वेळा डायरेक्टमध्येच जाते. हा धंदा करणाऱ्यांना अर्धवट खरं फार चांगलं बोलता येतं.

पण व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक दाबणारी बाई हातात मोबाइल घेऊन बसलेली असते. मी अ‍ॅनालिटिक्समध्ये उपकरणांचा तक्ता उघडला, तर ही अख्खी गर्दी डेस्कटॉपवरची. सगळ्यांच्या स्क्रीनचा आकार एकच, ८०० बाय ६००. असला मॉनिटर आता भंगारवाल्याकडेही मिळायचा नाही. शहरांच्या यादीत वाशी, ठाणे, पनवेल खाली गेलेले आणि सगळ्यात वर 'अ‍ॅशबर्न'. हे अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातलं गाव, आणि ते प्रसिद्ध आहे डेटा सेंटरसाठी. तिथे सर्व्हर राहतात, आणि सर्व्हरला वालाच्या बिरड्याची भूक लागत नाही. प्रत्येक जण फक्त पहिलं पान उघडत होता आणि एका सेकंदात परत जात होता. एकानेही पाककृती उघडली नव्हती. गूगल सर्च कन्सोलमध्ये, जिथे गूगलवर शोधून आलेल्यांचे क्लिक दिसतात, आकडा होता तिथेच.

हे त्याच्यापुढे ठेवलं तेव्हा व्हॉट्सअ‍ॅप मागे पडलं आणि एनआरआय पुढे आले. "ताई, परदेशातली मराठी माणसं. डॉलरमध्ये सीपीसी मिळतो त्यांचा." सीपीसी म्हणजे जाहिरातीवरच्या दर क्लिकमागे मिळणारा पैसा. त्याच सुमारास पेजवर कमेंट यायला लागल्या होत्या. माझ्या खेकड्याच्या रश्शाखाली कुणीतरी लिहिलं होतं, 'ग्रेट डिझाइन ब्रो'.

लगोलग, ब्लॉगवर जाहिराती दाखवून त्याचे पैसे देणाऱ्या गूगल अ‍ॅडसेन्सची मेल आली: अवैध ट्रॅफिकमुळे तुमच्या जाहिरातींवर मर्यादा घातली आहे. अ‍ॅडसेन्सचे पैसे १०० डॉलर साठल्याशिवाय हातात येत नाहीत, आणि माझ्यासारख्या ब्लॉगला तिथवर पोचायला महिनेच्या महिने लागतात. बनावट गर्दीचं असं आहे, की ती कुणी पाठवली याच्याशी गूगलला देणंघेणं नसतं. साइट तुमची, तर शिक्षा तुम्हाला. मर्यादेवर निभावलं हे नशीब, खातंच बंद झालं तर तिथून परत येणं फार अवघड.

बिलाची गोष्ट घरात उलगडली. आमचे हे एपीएमसीत दाणा मार्केटला एका व्यापाऱ्याकडे हिशेब बघतात. बिल सहज हातात घेतलं आणि म्हणाले, "अगं, हा जीएसटी नंबर दिल्लीचा आहे." जीएसटी नंबरातले पहिले दोन आकडे राज्याचे असतात. महाराष्ट्राचे २७, दिल्लीचे ०७. बिलावरचा नंबर ०७ ने सुरू होत होता, आणि खाली कर लावलेला सीजीएसटी नऊ टक्के, एसजीएसटी नऊ टक्के, म्हणजे एकाच राज्यातल्या व्यवहाराचा. दिल्लीच्या नोंदणीवरून महाराष्ट्रातल्या गिऱ्हाइकाला बिल द्यायचं तर आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधल्या व्यवहाराचा कर, लागतो. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर लॉगिन न करता कुणाचाही नंबर टाकून बघता येतो. यांनी टाकला. नाव कुठल्यातरी भलत्याच दुकानाचं, आणि नोंदणी केव्हाच रद्द झालेली. या तपासाला चहा गार होण्याइतकाही वेळ लागला नाही.

त्याचा पुढचा फोन आला तो 'प्रीमियम रिन्युअल'चा, पस्तीस हजारांचा. मी नको म्हटलं आणि दिलेला अ‍ॅक्सेस काढते म्हणून सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "बघा ताई, प्रयत्न करून." रात्री पेज उघडायला गेले तर माझ्या यादीत पेजच नाही.

आता मुख्य भाग. काम सुरू करताना त्याने पेजचा 'फुल कंट्रोल' मागितला होता. कारण सांगितलं, की त्याशिवाय इन्स्टाग्राम जोडता येत नाही. खरं तर ती जोडणी मालकाला स्वतः बसून दोन मिनिटांत करता येते, समोरच्याला पूर्ण ताबा द्यायचं कारणच नाही. हा फुल कंट्रोल मिळाल्यावर त्याने पेज स्वतःच्या मेटा बिझनेस पोर्टफोलिओमध्ये घातलं, म्हणजे धंद्याची पेजं आणि खाती ज्याच्या मालकीची राहतात अशा फेसबुकवरच्या खात्यात. पेज एका वेळी एकाच पोर्टफोलिओच्या मालकीचं असू शकतं. एजन्सीने मालकी न घेता फक्त काम करण्यापुरता अ‍ॅक्सेस मागण्याची सोय वेगळी असते, आणि सरळ धंदा करणारे तीच वापरतात. याने मालकीच घेतली. जमीन कसायला दिली आणि सातबाऱ्यावर कसणाऱ्याचं नाव चढलं, तसा प्रकार. त्यानंतर मला काढून टाकणं म्हणजे त्याच्यासाठी एक क्लिक.

चार दिवसांनी उरणहून मामाचा फोन. "काय गो, तू कर्ज द्यायला लागलीस का?" पेजचं नाव बदललं होतं, फोटो बदलला होता, आणि 'आधार कार्डावर दहा मिनिटांत लोन' अशा पोस्ट सुरू झाल्या होत्या. नाव बदललं तरी फॉलोअर तेच राहतात. त्याला हवी होती ती हीच नऊ हजार खरी माणसं. माझ्यावर विश्वास असलेल्या बायकांसमोर आता तो लोनच्या लिंक टाकत होता. माझ्या मते या लोकांचा खरा धंदा हाच आहे. तीन महिन्यांचं पॅकेज हे निमित्त, माल म्हणजे जुनं, जिवंत पेज.

तुमच्या बाबतीत असं झालं तर पैशांसाठी आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, जितक्या लवकर तितकं बरं, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवता आले तर येतात. मग सायबरक्राइमच्या राष्ट्रीय पोर्टलवर लेखी तक्रार. तक्रारीत पेजचं नाव लिहून भागत नाही, ते उद्या पुन्हा बदलेल. पेजचा आकड्यांचा आयडी लिहा. तो पेजच्या 'ट्रान्स्परन्सी' भागात सापडतो. तिथेच पेज कधी सुरू झालं, आधीची नावं काय होती, हेही दिसतं, आणि पेज आपलं होतं हे दाखवायला त्याचा स्क्रीनशॉट सगळ्यात कामी येतो. यूपीआयचा बारा आकडी संदर्भ क्रमांक, बिल आणि एक्स्पोर्ट केलेलं व्हॉट्सअ‍ॅपचं अख्खं संभाषण सोबत जोडा. माहिती तंत्रज्ञान कायद्याची ६६ सी आणि ६६ डी ही कलमं अशा प्रकरणांत येतात. आणि जुनं चारशेवीस १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ३१८ (४) झालंय, तेव्हा अर्जात जुना आकडा लिहू नका. माझी तक्रार नोंदली आहे, चौकशी चालू आहे. पेज अजून मिळालेलं नाही. जुन्या वाचक बायकांना मी एकेकीला मेसेज करून ते पेज रिपोर्ट करायला सांगितलं, तेव्हा लोनच्या पोस्ट तरी थांबल्या.

नवीन पेज काढलंय. ते आधी माझ्याच नावाच्या पोर्टफोलिओत घातलं, मग इन्स्टाग्राम जोडलं. यूट्यूबला भाचा एडिटिंग करून देतो, त्याला चॅनलच्या परवानग्यांमधून 'एडिटर' केलंय. घरचा असला तरी पासवर्ड नाही. व्हॉट्सअ‍ॅप चॅनल सुरू केलंय आणि तिथे टाकायच्या प्रत्येक लिंकला यूटीएम, म्हणजे वाचक कुठून आला ते सांगणारी शेपटी, लावते, म्हणजे ते वाचक डायरेक्टच्या ढिगात हरवत नाहीत. या सगळ्याला पैसा लागला नाही. वाचक हळूहळू येताहेत. कोकम-चिंचेवरून भांडणाऱ्या निम्म्याअधिक परतही आल्या.

अशा कुणाकडून तुम्ही काम करून घेतलं असेल तर फेसबुकवर थांबू नका, ब्लॉग ज्यावर चालतो त्या वर्डप्रेसची यूजर्सची यादीही उघडून बघा. माझ्याकडे 'सपोर्ट' नावाचं एक अ‍ॅडमिन खातं पेज गेल्यानंतरही तसंच बसलेलं होतं. ते उडवताना वर्डप्रेस विचारतं, या यूजरचा मजकूर पुसायचा की दुसऱ्याच्या नावे करायचा. मजकूर स्वतःच्या नावे करून घ्या. त्याने माझ्या काही पाककृती 'एसईओ'च्या, म्हणजे गूगलच्या शोधात वर आणण्याच्या, नावाखाली त्या खात्यावर टाकल्या होत्या, पुसायचं निवडलं असतं तर त्याही गेल्या असत्या. आणि आपल्या प्रोफाइलच्या पानावर अगदी खाली 'अ‍ॅप्लिकेशन पासवर्ड' असतात, म्हणजे बाहेरच्या अ‍ॅपला आत शिरायला दिलेले वेगळे पासवर्ड. तिथे आपण न बनवलेलं काही दिसलं तर तेही रद्द करा, कारण लॉगिनचा पासवर्ड बदलला तरी ते चालूच राहतात.